शंभर पौंडांचे वचन : एका ओळीवरचे भाष्य

मूळ ओळ अशी :

शंभर पौंड, महाराजांचे कोणत्याही अनैतिक प्रसंगातले व्यंगचित्र न काढण्याच्या वचनाचा मोबदला.

आधी ओळीचे ठिकाण सांगतो, मग अर्थाकडे वळू. ही एका पावतीतली ओळ आहे. तारीख 19 जून 1820. पैसे घेणारा लंडनचा चित्रकार जॉर्ज क्रुकशँक, वय 27. पैसे देणारा इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज, अर्थात आपल्या माणसांकरवी. पावती विंडसरच्या राजसंग्रहात आहे. इतर चित्रकारांच्या आणि प्रकाशकांच्या तशाच पावत्याही तिथे आहेत.

व्यंगचित्रांच्या इतिहासात ही ओळ हटकून येते आणि बहुधा एकाच शब्दात तिची बोळवण होते : लाच. तो शब्द खोटा नाही. पण तो उच्चारला की वाचणारा पुढे निघून जातो, आणि ओळीने नेमके काय मागितले, काय मागायचे राहून गेले, हे न उलगडता राहते. म्हणून तुला सांगतो, सूत्र वाचताना आपण जे गृहीत धरतो तेच इथे धर. एकही शब्द भरतीचा नाही. प्रत्येक शब्द कुणीतरी विचार करून ठेवला आहे. मग त्याच्या मागचा विचार शोधता येतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. त्या काळी इंग्लंडच्या संसदेत ओल्ड सेरम नावाच्या जवळजवळ निर्मनुष्य जागेचे दोन सभासद बसत आणि मँचेस्टरसारख्या वाढत्या शहराचा एकही नसे. हे बदला, ही मागणी म्हणजे सुधारणेचे राजकारण. 16 ऑगस्ट 1819 रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर मैदानावर ही मागणी करायला जमलेल्या लोकांवर घोडेस्वार घातले गेले. माणसे मेली, शेकडो जखमी झाली. त्यालाच पीटरलू म्हणतात. चौथा जॉर्ज तेव्हा रीजंट, म्हणजे वेड्या बापाच्या नावाने कारभार पाहणारा युवराज. त्याने दंडाधिकाऱ्यांना आणि स्वारांना आभार कळवले. ही एक गोष्ट ध्यानात ठेव. ‘अनैतिक’ या शब्दाशी आलो की ती पुन्हा लागेल.

अन्वय लावताना मी ओळीचा क्रम मोडतो. आधी पैसा, मग कबुली, मग कृती, मग व्यक्ती, शेवटी प्रसंग.

शंभर पौंड

ही रक्कम किती मोठी? लंडनच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या कुशल कारागिराला आठवड्याला दीड-पावणेदोन पौंड मिळत. म्हणजे शंभर पौंड ही त्याच्या वर्षभराच्या कमाईहून थोडी जास्तच. एका तरुण चित्रकाराला, काही न करण्याबद्दल, ही रक्कम लहान नव्हे.

पण रक्कम कोणत्या मापाने ठरली? दुसऱ्या बाजूने मोजून पाहा. पौंडाचे वीस शिलिंग. दुकानात रंगवलेल्या एका सुट्या व्यंगचित्राची किंमत साधारण दोन शिलिंग. म्हणजे शंभर पौंड ही एक हजार रंगीत चित्रांची किंमत झाली. याचा अर्थ, ताम्रपटावरून काढलेल्या एका चांगल्या खपाच्या चित्राची सारी आवृत्ती विकत घ्यावी, तेवढा हा पैसा आहे. राजवाड्यातल्या कुणी हा हिशेब कागदावर मांडला होता असे मी म्हणत नाही. पण सुट्या चित्राच्या व्यापाराशी ही रक्कम जुळते, एवढे नक्की.

आता तिसरे माप. डिसेंबर 1819 मध्ये विल्यम होन या प्रकाशकाने ‘द पोलिटिकल हाऊस दॅट जॅक बिल्ट’ नावाची पुस्तिका काढली. मजकूर होनचा, तेरा चित्रे क्रुकशँकची, किंमत एक शिलिंग. त्या हिशेबाने शंभर पौंड म्हणजे दोन हजार प्रती. आणि त्या पुस्तिकेच्या पन्नासाहून अधिक आवृत्त्या निघाल्या. म्हणजे राजवाड्याने जो पैसा मोजला, तो या पुस्तिकेच्या खपापुढे चिमूटभर होता. इथे पहिला धागा हाती येतो. ओळ लिहिणाऱ्याच्या मनातले व्यंगचित्र एक होते आणि बाजारात आलेले व्यंगचित्र दुसरे. हा धागा सोडू नकोस.

वचनाचा मोबदला

मोबदला म्हणजे कराराला बांधून ठेवणारी देवाणघेवाण. इंग्लिश कायद्यात नुसते वचन, मोबदला नसेल तर, न्यायालयात उभे राहत नाही. म्हणून कोणताही व्यवहारी लेखनिक हा शब्द घालतो. यात नवल काही नाही.

नवल पुढे आहे. हे वचन मोडले असते तर राजाने काय केले असते? दावा लावायचा तर चित्र न्यायालयात मांडावे लागणार. ते मांडून सांगावे लागणार की हा जाडजूड माणूस म्हणजे महाराज, आणि हा प्रसंग म्हणजे महाराजांचे अमुक दुर्वर्तन. वादीने आपल्याच तोंडाने आरोप वाचून दाखवायचा. असा दावा कोण लावील? म्हणजे ‘मोबदला’ या शब्दाने कराराचे रूप आले, पण त्या रूपाला बळ देणारे न्यायालय या व्यवहाराच्या कामाचे नव्हते.

तू विचारशील, मग सरळ खटला का नाही? शब्दांवर खटले होतच होते. ‘एक्झामिनर’ पत्राच्या ली हंट आणि जॉन हंट या भावांना रीजंटवरच्या लेखाबद्दल 1813 मध्ये दोन-दोन वर्षांची कैद आणि प्रत्येकी 500 पौंड दंड झाला होता. याला उत्तर दोन पायऱ्यांत देतो.

पहिली पायरी : लेखात नाव असते, विधान असते. चित्रात नाक असते, पोट असते, केसांचा टोप असतो. अभियोगपत्रात त्या नाकापोटाचा अर्थ सरकारलाच लिहावा लागतो. अडचण तीच, वर पाहिलेली.

दुसरी पायरी अधिक महत्त्वाची. 1792 च्या कायद्याने बदनामीच्या खटल्यात सर्व प्रश्नाचा निवाडा ज्यूरीकडे आला होता. लिखाण गुन्हेगारी आहे की नाही, हेही ज्यूरीच ठरवणार. आणि डिसेंबर 1817 मध्ये याच होनवर, प्रार्थनेच्या धर्तीवर लिहिलेल्या राजकीय विडंबनांसाठी, लागोपाठ तीन दिवस तीन खटले चालले. 18, 19 आणि 20 डिसेंबर, गिल्डहॉलमध्ये. पहिल्या दिवशी न्यायमूर्ती अ‍ॅबट, पुढचे दोन दिवस सरन्यायाधीश लॉर्ड एलनबरो. होनला वकील नव्हता. तो तासन्‌तास स्वतः बोलला. जुनी विडंबने वाचून दाखवली, व्यंगचित्रकार गिलरेची सरकारच्या बाजूची चित्रे पुढे केली, आणि विचारले की तेव्हा कुणाला शिक्षा झाली होती? सभागृहात हसू पिकले. तिन्ही वेळा ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले.

याचा अर्थ, 1820 च्या जूनमध्ये हसण्याविरुद्ध न्यायालयात जाणे म्हणजे त्या हसण्याला मोठे सभागृह मिळवून देणे. राजवाड्याला हे कळले होते. म्हणून ‘मोबदला’. माझ्या मते ओळीतला सर्वांत जड शब्द हाच. जिथे आज्ञा चालत नाही, तिथे माणूस किंमत विचारतो.

एक तुलना इथे आवश्यक आहे. गिलरेलाही पैसे मिळत. 1797 पासून त्याला सरकारपक्षाकडून सालाना 200 पौंड होते. पण ते चित्र काढण्यासाठी होते, पक्ष घेण्यासाठी होते. क्रुकशँकला न काढण्यासाठी मिळाले. पहिल्या व्यवहारात राजसत्तेला चित्रकाराच्या हातून काही मिळवायचे होते. दुसऱ्यात तिला फक्त सुटका हवी होती. दोन्हींत तेवीस वर्षांचे अंतर आहे, आणि तेवढ्यात सत्तेची मागणी किती आक्रसली ते पाहा.

व्यंगचित्र न काढण्याच्या

‘न काढण्याच्या’ या पदाचा कर्ता लिहिलेला नाही. तो अध्याहृत आहे, म्हणजे पैसे घेणारा. याचा अर्थ वचन एका हातापुरते आहे. काढणारा हात. छापणारा, विकणारा, मजकूर लिहिणारा, दुकानाच्या काचेत टांगणारा, यांपैकी कुणीही या ओळीत नाही.

हे पुरेसे वाटावे असा एक काळ होता. तेव्हाचे व्यंगचित्र म्हणजे ताम्रपटावर आम्लाने कोरलेले सुटे पान. ते छापायला वेगळे, रुळांचे यंत्र लागे. पट झिजे, त्यामुळे प्रतींना मर्यादा असे. रंग हाताने भरत. दुकाने लंडनच्या ठरावीक रस्त्यांवर. अशा व्यापारात चित्रकाराला गप्प केले, पट विकत घेतला, उरलेल्या प्रती उचलल्या, की ते चित्र संपले. 1735 च्या कायद्यानुसार पटावर मालकाचे नाव कोरावे लागे. म्हणजे कोणाकडे जायचे हेही पानावरच लिहिलेले.

होनच्या पुस्तिकांतली चित्रे लाकडावर कोरलेली होती. लाकडी ठोकळा खिळ्यांच्या बरोबरीने एकाच चौकटीत बसतो आणि साध्या छापयंत्रावर मजकुरासह छापला जातो. झिजतोही सावकाश. म्हणून एका शिलिंगात तेरा चित्रे देता येतात आणि हजारोंनी देता येतात. लंडनच्या श्रीमंत रस्त्यावरचे दुकान न पाहिलेला माणूसही ती विकत घेऊ शकतो. डिसेंबर 1819 मध्ये सरकारने जे सहा कायदे केले, त्यांतल्या एकाने सहा पेन्सपेक्षा स्वस्त राजकीय नियतकालिकांवर मुद्रांक कर बसवला. एक शिलिंगाची सुटी पुस्तिका त्या जाळ्यात सापडत नाही. म्हणजे कराच्या तरतुदीतून जे निसटले, तेच या पावतीच्या मोजमापातूनही निसटले.

इथे एक पूर्वपक्ष मांडतो. कुणी म्हणेल, हात तर क्रुकशँकचाच ना? लाकूड असो, तांबे असो, ‘काढणे’ दोन्हीत आहे. हे बरोबर आहे, आणि शब्दाच्या व्याप्तीत दोन्ही बसतात. माझा मुद्दा व्याप्तीचा नसून समजुतीचा आहे. ओळ असे समजते की व्यंगचित्र एका माणसात उगम पावते. 1820 मध्ये ते लेखक, कोरणारे, खिळेवाले आणि रस्त्यावरचे गिऱ्हाईक यांच्यामध्ये तयार होत होते. एकाला गप्प करून ते थांबवण्यासारखे राहिले नव्हते.

आणखी एक शंका येईल : क्रुकशँक सुधारणावाद्यांचा माणूस होता का? पूर्णपणे नाही. डिसेंबर 1819 च्या आरंभी त्याने ‘डेथ ऑर लिबर्टी’ हे चित्र काढले. त्यात जहाल सुधारणा म्हणजे स्वातंत्र्याचा मुखवटा घालून ब्रिटानियावर, म्हणजे ब्रिटनच्या स्त्रीरूपावर, झडप घालणारा मृत्यू. त्याच महिन्यात होनची पुस्तिका आली. मागणी येईल तसा हा हात चाले. म्हणून त्याच्याकडून वचन घेणे सोपे होते. आणि म्हणूनच त्याच्या वचनाने सुधारणेच्या बाजूचे काही अडत नव्हते.

महाराजांचे

या पदाचे दोन अर्थ लागतात आणि दोन्हींचा तोटा आहे.

पहिला अर्थ : महाराज म्हणजे पद. चौथा जॉर्ज 29 जानेवारी 1820 रोजी राजा झाला. त्याआधी तो महाराज नव्हता, युवराज होता. हा अर्थ घेतला तर संरक्षण जानेवारी 1820 नंतरच्या प्रसंगांना मिळते. आधीच्या आयुष्याला मिळत नाही. आणि आधीचे आयुष्य तर सारे उघडे होते. 1785 चे मारिया फिट्झहर्बर्टशी गुप्त लग्न, कर्ज, मद्य, 1795 मध्ये कर्ज फिटावे म्हणून केलेले कॅरोलाइनशी लग्न.

दुसरा अर्थ : महाराज म्हणजे व्यक्ती. आज जो राजा आहे तो माणूस, त्याचे सारे आयुष्य. हा अर्थ घेतला तर 1795 चा युवराजही वचनाच्या आत येतो. पण मग पदाचे तेज या ओळीतून जाते. राजाला राजा म्हणून नव्हे, तर लाज वाटणारा एक गृहस्थ म्हणून संरक्षण मिळते.

निर्णय कसा करायचा? ओळीचा हेतू पाहा. पावतीची तारीख 19 जून. कॅरोलाइन सहा वर्षांनी परदेशातून परतली ती 5 जून रोजी. ती राणी म्हणून आपला हक्क मागत होती. दुसऱ्याच दिवशी तिच्याविरुद्धच्या पुराव्यांच्या हिरव्या थैल्या संसदेत ठेवल्या गेल्या. राजाला तिच्यावर व्यभिचाराचा ठपका ठेवून घटस्फोट हवा होता. अशा वेळी त्याला भीती कशाची? 1820 च्या वर्तनापेक्षा मागच्या तीस-पस्तीस वर्षांची. कारण पत्नीवर जो आरोप ठेवायचा, तोच आपल्यावर उलटणार. म्हणून मी दुसरा अर्थ घेतो. महाराज म्हणजे तो माणूस, त्याच्या भूतकाळासह. शब्द पदाचा आहे, पण भीती व्यक्तीची आहे, आणि जिथे शब्दाचे दोन अर्थ लागतात तिथे हेतूकडे पाहावे.

कोणत्याही

म्हणजे सगळ्या, एकही न वगळता. मात्र हे विशेषण ‘प्रसंगा’चे आहे, ‘व्यंगचित्रा’चे नाही. ‘महाराजांचे कोणतेही व्यंगचित्र’ असे लिहिता आले असते. तसे लिहिलेले नाही. हे पद रुंद आहे, पण अरुंद नामाला चिकटले आहे.

अनैतिक प्रसंगातले

आता मुख्य गाठ.

प्रसंग म्हणजे चित्रात दिसणारी परिस्थिती : कुठे, कोणाबरोबर, काय करताना. अनैतिक म्हणजे इथे खाजगी आचरणातले. बायका, मद्य, बिछाना. प्रजेवर घोडे घालणाऱ्यांचे आभार मानणे या ओळीच्या हिशेबात अनैतिक ठरत नाही. त्यासाठी मघाची गोष्ट ध्यानात ठेव म्हणालो. याचा अर्थ, ओळ नीतीला शयनगृहाच्या दारापाशी थांबवते. दाराच्या आत जे घडते ते दाखवू नका, बाहेर जे घडते त्याबद्दल काही म्हणणे नाही.

अशी वाटणी करणे राजाला का परवडले, हे समजणे अवघड नाही. राजकीय चित्रांची ढाल मंत्र्यांनी व्हायचे असते. पण व्यंगचित्रकाराने ही वाटणी आधीच मोडली होती. ‘हाऊस दॅट जॅक बिल्ट’मधला रीजंट पाहा. मोरपिसांचा तुरा, आवळलेली कंबर, फुगलेले शरीर. तो काहीच करत नाही, नुसता उभा आहे. अनैतिक प्रसंग कोणता? एकही नाही. त्याच पुस्तिकेत फाटक्या कपड्यांतली माणसे आहेत आणि त्यांच्यामागे पीटरलूचे घोडेस्वार. पान उलटले की दोन्ही एकमेकांना चिकटतात. ते शरीर कोणाच्या करावर पोसले, हे सांगायला शब्द लागत नाही. ही पुस्तिका पावतीच्या सहा महिने आधीची आहे. पण ती पावतीनंतर निघाली असती तर? वचनाचे एक अक्षरही मोडले नसते. राजाला इतके झोंबणारे चित्र वचनाच्या कक्षेबाहेर, हे ओळीचे मोठे अपयश आहे.

आता पावतीनंतरच्या तीन चित्रांवर ओळ लावून पाहू. हाच तिच्या अर्थाचा खरा कस.

एक. त्याच जूनमध्ये क्रुकशँकचे दोन हिरव्या थैल्यांचे चित्र आले. एका थैलीला राजाचे डोके, दुसरीला राणीचे. शीर्षक नाटककार शेरिडनच्या संगीतिकेतल्या गाण्यावरून घेतलेले, आशय असा की निसर्गाने हे दोघे एकमेकांसाठीच घडवले. थैलीत शरीर दिसत नाही, कृती दिसत नाही. शब्दशः पाहिले तर अनैतिक प्रसंग नाही. पण थैली ही पुराव्यांची थैली. तिच्यात काय भरले आहे हे लंडनमध्ये सगळ्यांना ठाऊक होते. म्हणजे अनैतिक ते सारे आत, चित्रात फक्त आवरण. वचन पाळले गेले का? अक्षराने पाळले गेले. हेतूने नाही. आणि इथे मी अक्षराच्या बाजूने आहे, कारण ओळीनेच ‘प्रसंग’ हा शब्द निवडला. सूचनेला मनाई करायची होती तर तसे लिहायचे होते.

दोन. ऑगस्टमध्ये होन आणि क्रुकशँक यांची ‘क्वीन्स मॅट्रिमोनियल लॅडर’ आली. चौदा पायऱ्यांची वैवाहिक शिडी, सोबत पुठ्ठ्याची खेळण्यासारखी शिडीही. पहिल्याच पायरीवर लग्नाआधीचा राजपुत्र, मद्याने लोळागोळा झालेला, भोवती बाटल्या. इथे मात्र प्रसंग आहे आणि तो अनैतिकही आहे. पळवाट एकच उरते : हा राजपुत्र आहे, महाराज नव्हे. ‘महाराज’चा पहिला अर्थ घेतला तर क्रुकशँक सुटतो. आपण दुसरा घेतला. म्हणून निर्णय टाळता येत नाही. या पायरीवर वचन मोडले. त्याच्याबद्दल कितीही ममत्व असले तरी हे म्हटलेच पाहिजे. अर्थ ठरवताना एक नियम आणि माणसाला सोडवताना दुसरा, असे भाष्यकाराला करता येत नाही.

तीन. सप्टेंबरमध्ये ‘नॉन मी रिकॉर्डो’. राणीविरुद्धच्या सुनावणीत माजोकी नावाचा इटालियन साक्षीदार प्रश्नामागून प्रश्नाला ‘मला आठवत नाही’ असे उत्तर देत होता. होनने राजालाच त्या जागी उभे केले. चित्र चौकशीला उभ्या राहिलेल्या राजाचे. आता गंमत ओळीच्या दृष्टीने पाहा. चित्रातला प्रसंग न्यायाचा आहे, अनैतिक नाही. अनैतिक जे आहे ते प्रश्नांत आहे, आणि प्रश्न होनचे. वचन चित्रापुरते, चित्रकारापुरते. मजकूर त्याच्या बाहेर. लाकडी ठोकळा आणि खिळे एका चौकटीत बसतात म्हणालो, त्याचा परिणाम इथे दिसतो. चित्राने निर्दोष राहायचे, बाजूच्या मजकुराने ते भरून काढायचे. एका हाताकडून वचन घेणाऱ्या या ओळीत दुसऱ्या हाताचा विचार नाही.

एवढ्यावर विचारशील की राणीचे प्रकरण हे सुधारणेचे राजकारण कसे? हे घराण्यातले भांडण नव्हे का? उत्तर सहा कायद्यांत आहे. त्यांनी मोठ्या सभांवर बंधने घातली, लिखाणावर घातली. सुधारणा मागणे राजद्रोहाच्या जवळ नेले गेले. पण राणीची बाजू घेणे राजद्रोह कसा ठरणार? ती राजाची लग्नाची बायको, देशाची राणी. तिच्या नावाने मानपत्रे देता येत, मिरवणुका काढता येत, दुकानांत चित्रे टांगता येत. पीटरलूनंतर कोंडलेला आवाज या दाराने बाहेर पडला. म्हणजे राजाचा खाजगी ‘अनैतिक प्रसंग’ हाच त्या उन्हाळ्यात राजकारणाचा विषय होता. ओळीने खाजगी आणि राजकीय यांच्यामध्ये जी रेघ ओढली, ती नेमकी त्या वर्षी पुसली गेलेली होती. आणि पुसणाऱ्यांत स्वतः राजाही होता. बायकोवरचा ठपका संसदेत विधेयक म्हणून नेला तो त्यानेच. 5 जुलैला विधेयक मांडले, 17 ऑगस्टपासून सुनावणी चालली, 10 नोव्हेंबरला वरच्या सभागृहात तिसऱ्या वाचनात 108 विरुद्ध 99 अशी नऊ मतांची आघाडी मिळाली. एवढ्यावर ते विधेयक खालच्या सभागृहात टिकणार नाही हे ओळखून पंतप्रधान लिव्हरपूलने ते मागे घेतले.

जे लिहिलेले नाही

भाष्यात अनुक्ताचाही विचार करावा लागतो. या ओळीत दोन गोष्टी नाहीत.

मंत्री नाहीत. सिडमथ, कॅसलरे, कॅनिंग हे ‘हाऊस दॅट जॅक बिल्ट’मध्ये एकत्र चितारले गेले होते. त्यांच्यासाठी कुणी शंभर पौंड मोजले नाहीत. निदान या पावतीत तरी नाहीत. याचा अर्थ हे वचन राज्याने घेतलेले नाही. एका माणसाने आपल्यापुरते घेतले आणि आपल्या सरकारला चित्रकारांच्या स्वाधीन ठेवले. राजा आणि मंत्रिमंडळ यांच्यातला दुरावा मोजायचा असेल तर ही गैरहजेरी उपयोगी आहे.

मुदत नाही. वचन केव्हापर्यंत? आपण महाराज म्हणजे व्यक्ती असे ठरवले, म्हणून मुदत त्या व्यक्तीच्या आयुष्याएवढी. चौथा जॉर्ज 26 जून 1830 रोजी वारला. तिथे वचन संपले. महाराज म्हणजे पद असा अर्थ घेतला असता, तर ते भाऊ चौथा विल्यम याच्याकडे गेले असते. 1831 मध्ये सुधारणाविधेयक पेटले तेव्हा चॅन्सरी लेनच्या ई. किंगने एक चित्र प्रकाशित केले. सुधारक कुऱ्हाडी घेऊन एका कुजलेल्या झाडावर घाव घालत आहेत, झाडावर घरटी आहेत, घरट्यांवर मतदारसंघांची नावे. मागच्या टेकडीवर विल्यम, लोकांच्या सोबत. त्या चित्रातला प्रसंग अनैतिक नाही, म्हणून हे वचन त्याला लागू होत नाही, कोणताही अर्थ घे.

उरला प्रश्न 1820 ते 1830 या दहा वर्षांचा. ऑगस्ट 1821 मध्ये ‘अ स्लॅप अ‍ॅट स्लॉप’ आले. होनबरोबरची क्रुकशँकची राजकीय भागीदारी तिथे थांबली. त्याच वर्षी त्याच्या चित्रांचे ‘लाइफ इन लंडन’ हे पुस्तक निघाले आणि त्याचा हात हळूहळू पुस्तकांच्या चित्रांकडे वळला. होनही 1825 पासून ‘एव्हरी-डे बुक’च्या नादी लागला, म्हणजे सण, चालीरीती, जुन्या गोष्टी. 10 नोव्हेंबरनंतर राणीचे प्रकरण ओसरले होते, ऑगस्ट 1821 मध्ये ती स्वतःही वारली. पुढची नऊ वर्षे वचन बहुतांशी पाळले गेले असे दिसेल. ते शंभर पौंडांमुळे पाळले गेले असे म्हणायला ओळीत आधार नाही. जून ते सप्टेंबर 1820 या चार महिन्यांत वचनाची गरज होती, आणि त्याच चार महिन्यांत ते एकदा मोडले आणि दोनदा बगल देऊन गेले. तू शिडीच्या उरलेल्या तेरा पायऱ्या घे आणि प्रत्येकीवर हीच ओळ लावून पाहा. ‘महाराज’चा पहिला अर्थ धरून एकदा, दुसरा धरून एकदा.